संबंधित विभाग

कचेरीत तिला सगळे अहवालबाई म्हणत. हे नाव कोणी ठेवलं ते कोणालाच आठवत नव्हतं, पण ते असं काही चिकटलं होतं की नवा कारकून पगाराच्या यादीत तिचं खरं नाव वाचून तिलाच विचारी, "या कोण हो?" ती म्हणे, "मीच. सही कुठे करू?"

शहराची तब्येत कशी आहे ते लिहायचं आणि ती सुधारायची कशी तेही लिहायचं, हे तिचं काम. दर तीन वर्षांनी एकदा. घरोघर माणसं पाठवून लोकांना काय दुखतंखुपतं ते विचारायचं, दवाखान्यांकडून आकडे मागायचे, ते येत नाहीत म्हणून स्मरणपत्रं पाठवायची, आणि आले की त्यातल्या बेरजा चुकल्या म्हणून परत पाठवायचे. मग एक मोठी सभा. मग दोनशे पानं. त्यातला पहिला भाग पाहणीचा आणि दुसरा सुधारणा आराखड्याचा. छापून झालं की एक प्रत कपाटात, एक वरच्या कचेरीत, एक ग्रंथालयात, आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. शहराचा खोकला तोच, डास तेच. आलेखांचे रंग तेवढे बदलत.

आराखड्याच्या शेवटी एक कोष्टक असे. त्यात काम, जबाबदारी आणि मुदत असे तीन रकाने. जबाबदारीच्या रकान्यात काय लिहायचं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, पण पहिल्याच वर्षी कळून चुकलं की एखाद्या खात्याचं नाव लिहिलं तर ते खातं भांडायला येतं. त्यामुळे ती लिही, 'संबंधित विभाग'. पानभर खालीपर्यंत संबंधित विभाग. जुन्या अहवालांची पानं कचेरीचा चहावाला टेबलावर अंथरत असे, आणि गिऱ्हाईक नसलं की वाचतही असे. एकदा त्याने विचारलं, "बाई, हा संबंधित विभाग कुठल्या मजल्यावर बसतो? एकदा पाया पडायचंय. सगळं शहर तोच एकटा ओढतोय."

बाई हसली होती. तेव्हा तिला हसू यायचं.

आता ती थकली होती. झोप काढली की जाणारा थकवा एक असतो आणि झोपेतसुद्धा उशाशी बसून राहणारा एक असतो. तिचा हा दुसरा होता. नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला त्याला चार वर्षं झाली होती. उजवी बाजू गेली, नोकरी गेली, आणि बोलण्यात तीन शब्द उरले, 'बरं', 'नको' आणि 'ताई'. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, बाईची नणंद. भाऊ आजारी पडल्याचं ऐकून पंधरा दिवसांसाठी म्हणून एक पिशवी घेऊन आल्या, त्या तिथेच राहिल्या. लग्न केलं नव्हतं, शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या, नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी आल्याआल्या आपली शाळेतली शिट्टी भावाच्या गळ्यात बांधली आणि म्हणाल्या, "काही लागलं की वाजव." पण ओठच मिटत नव्हते, तर शिट्टी कुठून वाजणार? मग चमचा दिला. पलंगाच्या लोखंडी कठड्यावर तो डाव्या हाताने चमचा वाजवायचा. शिट्टी खिळ्याला लटकून राहिली.

घराची विभागणी सरळ होती. दिवस वन्संचा, रात्र बाईची. बाईचा पगार चालू राहायला हवा होता, कारण घर त्यावरच चाललं होतं. त्यामुळे वन्सं म्हणजे त्या घराचा कणा होत्या, आणि नेमका त्यांचाच कणा आता कुरकुरू लागला होता. एका सकाळी नवऱ्याला कुशीवर वळवता वळवता त्या पलंगाच्या कडेला बसल्या त्या उठेचनात.

"अगं, आता माझ्याच्याने होत नाही," त्या म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. पीठ संपलंय असं सांगावं तसं सांगितलं.

बाई त्या दिवशी पूल ओलांडून कचेरीकडे चालताना हिशोब करत होती. नोकरी सोडली तर खायचं काय? माणूस ठेवावा तर पगारातलं उरेल काय? एकच वाट दिसत होती, आणि ती तिच्या स्वतःच्या टेबलावरून जात होती. घरी अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांसाठी आठवड्यातून दोनदा नर्स पाठवायची, ही सूचना गेल्या दोन्ही अहवालांत होती. पण होती कुठे, तर परिशिष्टात. सभेत पहिले तीन येतील ते विषय आराखड्यात जात, पैसे त्यांनाच मिळत. बाकीचे परिशिष्टात, म्हणजे माळ्यावर. नर्सचा विषय दोन्ही वेळा चौथा आला होता.

तो का मागे पडतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. ज्यांच्या घरात असा माणूस आहे ते त्याला सोडून सभेला येणार कसे? दरवेळी ती अहवालात एक वाक्य लिही, 'जे सभेस उपस्थित राहू शकले नाहीत त्यांची मते यात समाविष्ट नाहीत.' हे वाक्य मर्यादांच्या पानावर असे आणि ते पान कोणी उघडत नसे.

सभेची पद्धत अशी. सभागृहाच्या भिंतींवर आठ तक्ते लावायचे, एकेका तक्त्यावर एकेक विषय. दारात प्रत्येकाला तीन गोल चिकट ठिपके द्यायचे. कचेरीत सगळे त्यांना टिकल्या म्हणत. शहराचा प्रत्येक भाग वेगळ्या रंगाचा, म्हणजे कुठल्या भागाला काय हवंय ते नंतर कळतं. लोकांनी फिरायचं, वाचायचं, विचार करून टिकल्या लावायच्या. कागदावर ही पद्धत फार सुरेख दिसते.

प्रत्यक्षात लोक आत येत, सरळ चहाच्या टेबलाकडे जात, आणि एका हातात कप आणि दुसऱ्या बोटाला चिकटलेल्या टिकल्या अशा अवस्थेत समोर जो तक्ता दिसेल त्यावर त्या पुसून टाकत. ही गोष्ट इतक्या वर्षांत फक्त बाईच्या लक्षात आली होती. गेल्या खेपेला 'दातांचं आरोग्य' पहिलं आलं. डॉक्टरसाहेबांनी, म्हणजे तिच्या वरिष्ठांनी, त्यावर भाषणं केली, शहरभर दातांची शिबिरं भरली. शहरात दातांची बोंब नव्हती हो, तक्त्याशेजारी चहाची सोय होती! बाईने हे कोणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? पुन्हा सभा घ्यावी लागली असती.

पण तक्ते लावायचे कुठे, हे तीच ठरवत असे.

सभेच्या आदल्या दुपारी ती हातात आठ गुंडाळ्या घेऊन सभागृहात उभी राहिली. चहाचं टेबल नेहमीच्या कोपऱ्यात मांडून ठेवलेलं होतं. तिने सात तक्ते भराभर लावले. आठवा हातात धरून ती बराच वेळ उभी होती. तीस वर्षं तिने कधी एक आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. आता करत होती तेही आकड्याला हात न लावता. तिने 'घरी आजारी माणूस सांभाळणाऱ्यांना मदत' हा तक्ता चहाच्या टेबलाच्या बरोबर वर लावला.

"सरळ लागलाय ना?" तिने कपबश्या मोजणाऱ्या चहावाल्याला उगाचच विचारलं.

"सरळच आहे की. तुम्ही का घाम पुसताय?"

"उकडतंय."

"पंखा तर तुमच्याच डोक्यावर आहे," तो म्हणाला. चोराच्या मनात चांदणं, म्हणून ती पुढे काही बोलली नाही.

तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही. तिला वाटलं, एक तरी खरं मत असू दे. त्या संध्याकाळी तिने वन्संना सांगितलं, "उद्या सभेला तुम्ही जा. मी घरी थांबते."

"मी? आणि तिथे जाऊन काय करू?"

"तीन टिकल्या देतील, त्या लावायच्या. चहाच्या टेबलाजवळ एक तक्ता आहे, तो बघा."

डॉक्टरसाहेब फोनवर वैतागले. "नेमकं सभेच्या दिवशी? टिकल्या कोण वाटणार?"

"शिपाई वाटेल. कोणत्या भागातून आलात विचारायचं आणि त्या रंगाच्या तीन द्यायच्या. मोजणीला मी परवा आहेच."

वन्सं सकाळी इस्त्रीची साडी नेसून निघाल्या. दारात थांबून त्यांनी औषधं, कुशी, लघवीचं भांडं, दुपारची पेज सगळं एकदा सांगितलं, आणि जिन्यावरून पुन्हा वर येऊन चमच्याबद्दल सांगितलं. "दोनदा वाजवला तर पाणी, सारखा वाजवला तर काही नाही, नुसता कंटाळलाय. पण जायचं मात्र."

बाईला वाटत होतं, रात्रभर आपण करतोच की, त्यात काय! पण रात्र वेगळी आणि दिवस वेगळा. रात्री निदान नवरा झोपतो. दिवसा तो जागा असतो, आणि जाग्या माणसाला दिवस फार मोठा असतो. ती भांडं ठेवून वळते तोच चमचा, पेज गरम करायला लावते तोच चमचा. चादर बदलताना तिच्याकडून तो एवढा सरकला की पडतो की काय असं वाटून दोघंही घाबरली. तो 'ताई' म्हणाला. ती म्हणाली, "ताई नाहीत, मी आहे." तो जरा थांबला आणि पुन्हा 'ताई' म्हणाला. तिला रडू आलं आणि रागही आला, आणि कोणाचा ते कळेना. दुपारी खिडकीतून पाहिलं तर समोरच्या भिंतीवर ऊन तिथल्या तिथेच होतं. वन्सं चार वर्षं ही भिंत बघत होत्या.

वन्सं परतल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काही वेगळंच होतं. गाल लाल झाले होते. "गर्दी होती बाई खूप," एवढंच म्हणाल्या आणि पदर खोचून कामाला लागल्या.

दुसऱ्या दिवशी बाई रिकाम्या सभागृहात मोजायला गेली आणि दारातच थबकली. चहाचं टेबल जागेवर नव्हतं. ते पार पलीकडच्या भिंतीला, 'डास आणि सांडपाणी' या तक्त्याखाली होतं, आणि त्या तक्त्याला गुळाला मुंग्या लागाव्यात तशा टिकल्या लागल्या होत्या.

"त्या कोपऱ्यातला प्लग जळालेला," चहावाला म्हणाला. "चहा तर गरम पाहिजे सगळ्यांना. मग टेबलच नेलं तिकडे. का, काही बिघडलं?"

"नाही," बाई म्हणाली. "डासांचं बरं झालं."

आपला डाव आपल्याच अंगावर उलटला. पण निदान तक्ता तरी बघू, म्हणून ती मोजायला बसली. डास पहिले. मधुमेह दुसरा. तिसऱ्या जागी होता 'चालण्यासाठी मोकळ्या जागा', आणि सांभाळणाऱ्यांचा तक्ता चौथा, दोन टिकल्यांनी मागे. फक्त दोन! ती दोन्ही तक्त्यांसमोर जाऊन उभी राहिली आणि तेव्हा तिला निळा रंग दिसला.

निळा रंग कालव्यापलीकडच्या भागाचा, म्हणजे तिच्याच भागाचा. हजेरीच्या कागदावर त्या भागातून आलेल्या एकाच माणसाची सही होती, आणि ती वळणदार सही ती ओळखत होती. तीनच निळ्या टिकल्या होत्या सगळ्या सभागृहात. तिन्ही चालण्याच्या जागांवर होत्या, एकाखाली एक, मुलांना रांगेत उभं करावं तशा.

तिचं डोकंच फिरलं. चार वर्षं त्या पलंगाशी बसलेली नणंद, आणि कौल देते पायवाटेला! जिच्यासाठी आपण जन्मात पहिल्यांदा लबाडी केली, तिनेच पाडलं आपल्याला.

टिकल्यांचा डिंक स्वस्तातला होता. दरवेळी निम्म्या टिकल्या गळून जमिनीवर पडत, आणि त्या अंदाजाने जवळच्या तक्त्यावर लावून टाकायच्या अशी कचेरीची रीतच होती. सांभाळणाऱ्यांचा तक्ता तर शेजारीच होता. कोण विचारणार होतं? तिने नखाने वरची निळी टिकली उचलली. ती सहज सुटली आणि तिच्या बोटावर बसली. तिने ती दुसऱ्या तक्त्याजवळ नेली, आणि तिथे हात अडला. जिची टिकली तिला न विचारता ती हलवायची, हे तिला जमेना. तिने टिकली पुन्हा जागेवर दाबली, मोजणीचा कागद कोरा ठेवला आणि सात वाजता घरी गेली.

वन्सं स्वयंपाकघरात वाट्या विसळत होत्या.

"वन्सं, टिकल्या कुठे लावल्यात?"

"चालायच्या जागांवर. तिन्ही. का गं, चुकलं?"

"मी तुम्हाला दुसरा तक्ता सांगितला होता."

"दिसला ना तो. दोनदा वाचला." वन्संनी वाटी पालथी घातली. "आठवड्यातून दोनदा नर्स, तासभर. असंच ना?"

"हो. मग?"

"मग त्या तासात मी कुठे असेन?"

बाईने पालथी वाटी उचलून पुसायला घेतली.

"इथेच," वन्सं म्हणाल्या. "तिला टॉवेल कुठे, मलम कुठलं, हा कुठल्या कुशीवर ओरडतो ते सांगत. वर तिला चहा. म्हणजे घरात एक पाहुणी वाढली."

"पण तुमची पाठ... होत नाही म्हणालात ना तुम्ही?"

"अगं, उचलून नाही गेली ती, बसून गेली. तीस वर्षं मैदानावर उभी होते मी. आता चार वर्षं त्या खुर्चीत आहे." त्यांनी नळ बंद केला. "काल सगळे चहाला धावले तेव्हा मी भिंतीभिंतीने चालायला लागले. आठ तक्ते, मोठं सभागृह. पाच-सहा फेऱ्या मारल्या असतील. शिपायाने विचारलं, आजी काही हरवलंय का? चहासुद्धा घेतला नाही मी. चालतच राहिले."

"मग मला कधी बोलला का नाहीत?"

"तू कधी विचारलंस? शहराला तरी तीन वर्षांतून एकदा विचारतेस." वन्सं हे हसून म्हणाल्या, म्हणून ते जास्तच लागलं. "आणि येतेस ती असा चेहरा घेऊन, की वाटतं आधी हिलाच पाणी द्यावं."

आत चमचा वाजू लागला, सारखा. नुसता कंटाळला होता. वन्सं हात पुसत आत गेल्या आणि बाई ओल्या ओट्याला टेकून उभी राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! कचेरी पाचला सुटत होती. ती सातपर्यंत थांबत होती, काम आहे म्हणून. काम कधी होतं, कधी नव्हतं. खरं हे होतं की तिथे बसणं सोपं होतं. तिथले आजार कागदावर होते आणि कागद चमचा वाजवत नाही. तिला स्वतःची शरम वाटली, आणि इतकी दमली होती की शरमेलाही पुरता जोर नव्हता.

तिने मोजणी होती तशी लिहिली. डास, मधुमेह, चालण्याच्या जागा. नर्स पुन्हा परिशिष्टात. कितीतरी घरांना ती नर्स खरंच हवी असेल, हे तिला माहीत होतं, आणि त्यांच्यासाठी तिला वाईट वाटलं. पण सबंध सभेत चहाशिवाय, आग्रहाशिवाय, वाचून, विचार करून लावलेल्या टिकल्या बहुधा त्या तीनच होत्या. त्या हलवून ती काय लिहिणार होती?

डॉक्टरसाहेब खूश झाले. "चालण्याच्या जागा छान आहे. फोटो चांगले येतात."

मग कोष्टक आलं. काम: कालव्याकाठी पायवाट. जबाबदारी: संबंधित विभाग. मुदत: तीन वर्षं. एवढं लिहून ती थांबली. घड्याळात पाच वाजत होते. अजून पानभर रकाने भरायचे होते. तिने फाईल बंद केली आणि पिशवी उचलली. डॉक्टरसाहेब दारातून बघतच राहिले. "बाई, बरं नाही का?"

"बरं आहे. उरलेलं उद्या."

ती घरात शिरली तेव्हा वन्सं दचकल्या. "काय झालं? इतक्या लवकर?"

"काही नाही. बूट कुठे आहेत तुमचे?"

"कुठले बूट?"

"शाळेतले. घाला आणि कालव्यापर्यंत जाऊन या. पायवाट व्हायला तीन वर्षं आहेत. झाली तर. तोवर रस्त्याच्या कडेने चाला."

"अगं पण त्याला आता कुशीवर वळवायचंय..."

"मी वळवते."

"जमेल तुला?"

"वाईट जमतं. पण जमतं."

वन्सं पलंगाखालून बूट काढून तशाच उभ्या राहिल्या. चार वर्षांत बुटांचे तळ लाकडासारखे कडक झाले होते. "आज गेले, आणि उद्या गं?"

"उद्या, परवा, रोज. मी पाचला निघत जाईन."

"असं कोणी ठरवलं?"

बाई खुर्चीत बसली. तिची मान सकाळपासूनचीच दमलेली होती, पण आवाजात चहावाल्याचा तो जुना थट्टेचा सूर आला. "संबंधित विभागाने."

वन्संना ते कळलं नाही. त्यांनी नाडी बांधली, खिळ्यावरची शिट्टी काढून आपल्या गळ्यात घातली, आणि जिना उतरल्या. कडक बुटांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

लगेच चमचा वाजला. बाई उठून आत गेली. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्यामागे दाराकडे पाहिलं.

"ताई?"

"ताई फिरायला गेल्यात."

मग त्याने चमचा उशाशी ठेवला.

"बरं," तो म्हणाला.